बीटी लावूनही बोंडात गुलाबी अळी, दरवर्षी तेच रडगाणं: बिघाड नेमका कुठं आणि करायचं काय

ऑक्टोबर सरत आला की मेसेज सुरू होतात. पराटी (कपाशीचं झाड) एकदम डेरेदार आहे, बोंडं भरपूर लागलीत, बाहेरून एक अळी दिसत नाही आणि पहिली वेचणी केली तर निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका-नासका. त्याखाली ठरलेले तीन प्रश्न असतात, बियाणं बोगस होतं का, कोणतं औषध मारू, पुढच्या वर्षी बियाण्याची कुठली बॅग घेऊ. उत्तर द्यायचं तर प्रत्येकाला तेच ते लिहावं लागतं म्हणून एकदाच सगळं इथं टाकतोय. लांबलंय, पण घाईत असाल तर एवढंच धरा की बियाणं बहुतेक वेळा खरं बीटीच (ज्याच्या झाडातच अळी मारणारं विष असतं ते) असतं, औषधही खोटं नसतं, गुलाबी अळीच बदललीय. बीजी-२, म्हणजे सध्याच्या बीटी बियाण्यातलं विष तिला आता मारत नाही आणि बॅग बदलून हे सुटत नाही, कारण बाजारातल्या सगळ्या बॅगांत विष तेच आहे.

आधी खात्री करा, अळी कोणती

हे सांगायचं कारण म्हणजे बरेच जण पानावरची अळी बघून बीटी फेल झालं म्हणतात. पानं चाळणीसारखी खाल्ली असतील तर ती तंबाखूवरची पानं खाणारी अळी, तिचा मामला वेगळा. हिरवी अळी, म्हणजे आपली जुनी अमेरिकन बोंडअळी, अर्धं अंग बोंडाबाहेर ठेवून खाते, भोक मोठं आणि गोल, बाहेर विष्ठा पडलेली. ठिपक्याची अळी शेंडा पोखरते, शेंडा माना टाकतो. गुलाबी अळीचं असलं काही बाहेरून दिसतच नाही आणि खरी गोची तीच आहे.

फुलात बघायचं असेल तर डोमकळी शोधा. पाकळ्या उमलत नाहीत, वरून चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात, उघडली की आत पिवळ्या पुंकेसरात अळी बसलेली. बोंडात बघायचं असेल तर वीस-पंचवीस दिवसांचं हिरवं बोंड घ्या, जे दाबल्यावर थोडं दबतं, आणि ते फोडाच. फार कडक झालेलं नको आणि कोवळी कैरी (नुकतं धरलेलं बोंड) पण नको. एकरात वेगवेगळ्या झाडांवरची मिळून वीस बोंडं घ्यायची, रस्त्याकडच्या तासातली तोडून मोकळं व्हायचं नाही. फोडल्यावर आधी सालीच्या आतली बाजू बघा, तिथं बारीक फोडासारखी गाठ किंवा नागमोडी रेघ दिसली म्हणजे अळी तिथून शिरलीय, बाहेरचं भोक केव्हाच बुजून गेलंय. मग कप्प्यांमधला पडदा बघा, त्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल छिद्र असेल तर अळी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलीय, ही सही फक्त गुलाबीचीच. लहान अळी पांढरट असते, डोकं काळं, तिला बघून "ही गुलाबी नाही" म्हणू नका, गुलाबी पट्टे मोठी झाल्यावर येतात. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरायचं.

आता दुसरी खात्री, झाड बीटी आहे का. यासाठी पट्टी मिळते. कोवळ्या पानावर छोट्या प्लास्टिक ट्यूबचं झाकण दाबलं की पानाची टिकली आत पडते, त्यात थोडं द्रावण टाकून काडीनं घोटायचं, पट्टी बुडवायची आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर विष आहे, एकच वरची रेघ आली तर झाड नॉन-बीटी. एक झाड तपासून निकाल लावू नका, दहा-पंधरा झाडं तरी घ्या, कारण आता बॅगेतच थोडं नॉन-बीटी मिसळलेलं असतं, ते पुढं येतंय. झाड बीटी निघालं, वय नव्वद-शंभर दिवसांचं आहे आणि हिरव्या बोंडात चांगली पोसलेली गुलाबी अळी जिवंत आहे, तर मग बियाण्याशी भांडून उपयोग नाही, ती अळी विष पचवतेय.

एक अपवाद सांगून ठेवतो. झाडात विषाचं प्रमाण कायम सारखं नसतं, साधारण एकशे दहा दिवसांनंतर ते उतरत जातं, आणि पानात जेवढं असतं तेवढं पात्यात (कळीत), फुलात, बोंडाच्या सालीत नसतंच. त्यामुळं दीडशे दिवसांच्या पराटीत अळी दिसली तर थोडा दोष झाडाच्या वयाचाही धरा.

विष काम कसं करतं

बीटी म्हणजे मातीत सापडणारा एक जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या अळ्या पटापट मरायला लागल्या तेव्हा तो पहिल्यांदा हाती लागला, पुढं जर्मनीत पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला. हा जिवाणू आपल्या पेशीत प्रथिनाचा स्फटिक तयार करतो. त्या प्रथिनाचा जीन कापसात घातला, क्राय १ एसी नावाचा, की बीजी-१ झालं, त्यात क्राय २ एबी ची भर घातली की बीजी-२.

अळी झाड कुरतडते तेव्हा हे प्रथिन पोटात जातं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, आपल्या पोटासारखं आम्ल नाही, तिथं अळीच्याच पाचक रसांनी प्रथिनाची काटछाट होते आणि ते कामाला लागतं. मग ते आतड्याच्या भिंतीवर ठराविक खुंट्या शोधतं. एक खुंटी कॅडहेरिन नावाची, आणखी दोन-तीन प्रकारच्या आहेत. खुंटीला अडकलं की त्याचे रेणू एकत्र येऊन पेशीच्या भिंतीला भोक पाडतात, पेशी पाणी पिऊन फुगून फुटतात, अळी काही तासांत खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या आतड्यात ह्या खुंट्या नाहीत म्हणून ते आपल्याला लागत नाही. पण खुंटी सापडली नाही तर विष अळीलाही लागत नाही, नुसतंच पोटातून जातं. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

"अळीला सवय झाली" हे चूक का

सगळे असंच म्हणतात, कृषी केंद्रवालेही. सवय म्हणजे काय, रोज थोडं थोडं विष खाऊन एखादी अळी घट्ट झाली, असं होत नाही. जी अळी मरायची ती मरतेच. होतं असं की लाखो अळ्यांत आधीपासूनच एखादी अशी असते जिचा कॅडहेरिनचा जीन बिघडलेला आहे, खुंटी अर्धवट बनते किंवा बनतच नाही. बीटी नसतं तर तिला कुणी विचारलंही नसतं. बीटीच्या शेतात मात्र बाकीच्या सगळ्या मरतात आणि ही एकटी उरते, पतंग होते, अंडी घालते.

आता हिशेब बघा. प्रत्येक अळीत प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची. गुलाबी अळीतला हा बिघाड असा आहे की दोन्ही प्रती बिघडल्या तरच ती वाचते, एक प्रत धड असली तरी खुंट्या बनतात आणि भरपूर विष असलेल्या झाडावर ती मरते. समजा हजार प्रतींमागे एक बिघडलेली आहे, तर दोन्ही बिघडलेली अळी दहा लाखांत एक. ऐकायला नगण्य वाटतं, पण महाराष्ट्रात कापूस आहे चाळीस लाख हेक्टरच्या आसपास आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या वर बीटी, तेव्हा दहा लाखांत एक म्हणजे काही विरळा नाही राव.

ही वाचलेली मादी कुणाशी जुगते यावर सगळं ठरतं. आजूबाजूला सगळं बीटीच असेल तर उरलेला नरही तसाच वाचलेला, दोघांच्या सगळ्या पिल्लांत दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे पुढची अख्खी पिढी विष पचवणारी. पण जवळच नॉन-बीटी कापूस असेल तर तिथून साधे, न बदललेले पतंग शेकड्यांनी निघतात, ही मादी त्यातल्याच कुणाशी तरी जुगणार, पिल्लांना एक प्रत धड मिळणार आणि ती पिल्लं बीटीवर मरणार. रेफ्युजी (म्हणजे हा नॉन-बीटीचा पट्टा) लावा, रेफ्युजी लावा असं कानीकपाळी ओरडत होते ते ह्यासाठी. त्या पट्ट्यात अळी पडू द्यायची होती, ती अळी पाळायचीच होती.

आपल्याकडं झालं काय

२००२ च्या मार्चमध्ये बीजी-१ ला परवानगी मिळाली, २००६ मध्ये बीजी-२ आलं. बॅगेसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, वीस टक्के क्षेत्र किंवा कडेनं पाच ओळी लावा असा नियम. किती जणांनी लावलं हे आपापल्या गावात आठवून बघा. काहींनी बांधावर फेकलं, काहींनी नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरलं, बहुतेकांनी पाकीट फोडलंच नाही. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण कित्येकदा त्या पाकिटातलं वाण बॅगेतल्या वाणाशी जुळणारं नसायचं, फुलोरा वेगळ्या वेळी, उगवण जेमतेम, आणि जिथं पाच एकरांची शेती तिथं एक एकर अळीला सोड म्हणून सांगायचं, तेही कशासाठी ते न समजावता, तर कोण ऐकणार. आता ते वेगळं पाकीट बंद होऊन नॉन-बीटी बी बॅगेतच मिसळून येतं, पाच ते दहा टक्के.

२००९ च्या हंगामात गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट भागातून गोळा केलेल्या गुलाबी अळ्या बीजी-१ पचवताना सापडल्या, २०१० मध्ये ते जाहीर झालं. तेव्हा सगळीकडं उत्तर एकच, बीजी-२ वापरा. झालं काय की बीजी-२ मधल्या दोन विषांपैकी एक ह्या अळीसाठी आधीच निकामी होतं, सगळा भार दुसऱ्या एकट्यावर पडला. दोन विषांचा फायदा तेव्हाच असतो जेव्हा दोन्ही मारतात, एकाला वाचलेली दुसऱ्याला मरते. एक पाय आधीच मोडलेला असताना दुसरा किती दिवस टिकणार. २०१५ मध्ये गुजरातमध्ये बीजी-२ वर मोठं नुकसान झालं, २०१७ ला आपल्याकडं विदर्भ-मराठवाडा-खानदेशात काय झालं ते सगळ्यांना माहितीय, जी फॉर्म, म्हणजे नुकसानीच्या तक्रारीचे अर्ज, भरायला रांगा लागल्या होत्या. २०२१ पासून पंजाब-हरियाणाकडंही हाच प्रकार. क्राय २ एबी च्या बाबतीत बिघाड वेगळ्या खुंटीत आहे, ए बी सी ए २ नावाच्या जीनमध्ये, म्हणजे अळीनं दोन वेगवेगळी कुलपं दोन वेगळ्या वाटांनी निकामी केली.

आणखी एक गोष्ट आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. जगात बहुतेक ठिकाणी कापसाचं सरळ वाण असतं, आपल्याकडं संकरित. संकरिताच्या एका पालकातच बीटी असतं, त्यामुळं झाड पूर्ण बीटी असलं तरी बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, तिच्यात फाटाफूट होते. बीजी-२ चं गणित मांडलं तर सोळा सरक्यांतल्या नऊमध्ये दोन्ही विषं, तीनमध्ये फक्त पहिलं, तीनमध्ये फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते काय तर सरकी. एका बोंडात ती ह्या सरकीतून त्या सरकीत जाते, कधी विष मिळतं कधी नाही, म्हणजे ज्या एक-प्रतवाल्या अळ्या मरायला हव्या होत्या त्यातल्याही काही निभावून जातात. रेफ्युजीचा सगळा डाव ज्या एका गोष्टीवर उभा होता ती आपल्या बोंडातच ढिली पडते. बऱ्याच शास्त्रज्ञांचं हे म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

त्यात फरदड. डिसेंबरात भाव बरा दिसला, पाणी आहे, दोन पाणी देऊन मार्चपर्यंत पीक ठेवलं. अळीला आणखी दोन-तीन पिढ्या मिळाल्या, त्याही अशा झाडावर जिथं विष उतरलेलं. हिरवी अळी अजून बीटीला बऱ्यापैकी मरते ती ह्याच कारणानं, की ती कापसावर अडून नाही, तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, आपण न लावताच तिच्यासाठी रेफ्युजी सगळीकडं उभी आहे. गुलाबीला मुख्य खाणं कापूसच, भेंडी-अंबाडीवर थोडीफार दिसते तेवढंच.

अ‍ॅरिझोनात हीच अळी, हेच विष, १९९६ पासून बीटी, आणि तिथं शेतात प्रतिकार वाढला नाही. रेफ्युजी नीट लावली, तपासणी ठेवली, २००६ पासून तर विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले म्हणजे रानातल्या माद्या त्यांच्याशी जुगून वांझ अंडी घालतील, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. त्यांची शेतं मोठी, सरकारी यंत्रणा तगडी, आपल्याला ते जसंच्या तसं जमणारं नाही हे मान्य. चीनमधलं उदाहरण जास्त जवळचं आहे. यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, त्यात आपोआप चारात एक झाड नॉन-बीटी निघालं, आणि तिथं वाढायला लागलेला प्रतिकार पुन्हा खाली आला. तेव्हा तिथं बिघडलेल्या प्रती अजून थोड्या होत्या. आपल्याकडं त्या एवढ्या झाल्यात की नुसती रेफ्युजी लावून गाडी मागं फिरेल असं मला तरी वाटत नाही. रेफ्युजी ठेवा, हिरव्या अळीसाठी ती हवीच. गुलाबीसाठी मात्र भर द्यायचा तो तिचं कॅलेंडर मोडण्यावर.

आत्ता पीक उभं आहे, काय करू

कामगंध सापळे लावा, त्यातला ल्युर (मादीच्या वासाची गोळी) गुलाबीचाच बघून घ्या, हिरवीचा लावून बसलेले मी पाहिलेत. लक्ष ठेवायला एकरी दोन पुरतात, पीक पंचेचाळीस दिवसांचं झालं की लावायचे, उंची झाडाच्या शेंड्यापेक्षा थोडी वर, ल्युर तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असं लागोपाठ तीन रात्री झालं की हलायचं. पतंग पकडून अळी कमी करायची असेल तर एकरी आठ-दहा सापळे लागतात आणि तेही शिवारात सगळ्यांनी लावले तर, एकट्यानं लावून शेजारचे पतंग आपल्याकडं बोलावल्यासारखं होतं.

डोमकळ्या दिसतील तशा तोडून जाळा किंवा पुरा, आत अळीसकट. पहिल्या फुलोऱ्यात हे केलं तर फार मोठा फरक पडतो आणि खर्च शून्य, पण मजुरांना दाखवून शिकवावं लागतं.

फवारणीचं. मादी अंडी घालते पात्यावर, बोंडाच्या देठाजवळ, पाकळीच्या खाली. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि काही तासांत आत शिरते. आत गेल्यावर तुम्ही वरून काहीही मारा, तिला ते पोचत नाही. म्हणून बोंड फुटल्यावर कवडी बघून मारलेली फवारणी ही पैसे ओतणं आहे. सापळ्याचा आकडा वर गेला की त्या आठवड्यात मारायचं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क, अंडी घालणं कमी होतं. ट्रायकोग्रामाची कार्डं मिळत असतील तर एकरी साठ हजार अंडी ह्या हिशेबानं लावायची, पण मग पुढं-मागं आठवडाभर कडक औषध नको, नाहीतर तो बारीक मित्रकीटक पहिला मरतो. पातळी ओलांडल्यावर क्विनॉलफॉस, थायोडिकार्ब, प्रोफेनोफॉस, इमामेक्टीन यातलं एक, दर वेळी गट बदलून, डोस डब्यावर आहे तोच. पायरेथ्रॉइड गटातली औषधं लवकर मारली की पांढरी माशी उसळते, ती शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा.

दोन-तीन औषधांचं कॉकटेल करू नका, वरून टॉनिक तर नकोच. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, पराटी डोक्याच्या वर वाढलेली आणि औषध तोंडावर उडत होतं. उंच पराटीत चालत चालत पुढं फवारायचं नसतं. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा, रिकाम्या पोटी नाही, हे सगळं ऐकून कंटाळला असाल तरी करा.

जोडी जुळू न देणारं तंत्रही आता मिळतं, मादीच्या वासाच्या दोऱ्या झाडाला बांधायच्या किंवा पेस्टचे ठिपके द्यायचे, नराला मादी कुठं आहे तेच कळत नाही. काम करतं, पण दोन एकरांत नाही, सलग वीस-पंचवीस एकर तरी हवं. गट असेल तर विचार करा.

हंगाम संपल्यावर आणि पुढच्या वर्षी

खरं काम इथं आहे आणि इथंच सगळे ढिले पडतात. थंडी वाढली, दिवस लहान झाला की शेवटच्या पिढीची अळी झोपी जाते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात बसते, नासक्या बोंडात बसते, जमिनीच्या भेगेत बसते, आणि पावसाळा लागला की पतंग होऊन निघते. तुमची पराटी बांधावर जळणासाठी रचलेली, तिच्यात नासकी बोंडं लटकलेली, म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं तुम्हीच राखून ठेवलंय, अळीचं.

डिसेंबर अखेर पीक काढा, फरदड नाही म्हणजे नाही. कोरडवाहूत हे सोपं आहे, ओलीतवाल्यांची जीभ चाळवते. त्यांनी फक्त फरदडीच्या क्विंटलचा भाव आणि पुढच्या हंगामातल्या दोन जास्तीच्या फवारण्या एका कागदावर मांडून बघाव्यात. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेली पाती-बोंडं त्या चांगली साफ करतात. मग श्रेडरनं पराटी बारीक करून जमिनीत घाला आणि उन्हाळ्यात खोल नांगरट. कापूस घरात मार्च-एप्रिलपर्यंत साठवला असेल तर खोलीत एक सापळा टांगून बघा, पतंग किती पडतात ते पाहिल्यावर मला सांगायची गरज राहणार नाही. जिनिंग आणि सरकीच्या तेल गिरण्यांजवळच्या शेतांना त्रास आधी सुरू होतो तो ह्याचमुळं.

पेरणी जूनचा पाऊस नीट झाल्यावरच. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला जुलैत पाती येतात आणि झोपेतून उठलेल्या पहिल्या पतंगांना नेमकी तीच हवी असतात. पाती नसतील तर ते पतंग अंडी घालायला जागा न मिळून असेच मरतात. मधली काही वर्षं सरकार १ जूनच्या आधी बियाणं विकू देत नव्हतं ते ह्यासाठी, त्यावर खानदेशातले मित्र माझ्यावर चिडतात, चिडू देत.

वाण निवडताना नावं विचारू नका, दिवस विचारा. दीडशे दिवसांच्या आत उरकणारं, एकदम फुलून एकदम फुटणारं वाण घ्या. एकशे ऐंशी-दोनशे दिवस रेंगाळणारं, बोंड मोठं म्हणून मिरवणारं वाण म्हणजे अळीची सोय. सघन लागवडीत झाडं आटोपशीर ठेवून दहा-बारा बोंडांवर पीक काढतात, तिथं अळीची मोठी पिढी यायच्या आत बोंडं पक्की झालेली असतात, हलक्या-मध्यम जमिनीत मला तो मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

नेहमी येणारे काही प्रश्न

बीटी पावडर किंवा बीटीचं द्रावण फवारलं तर? नाही. त्या जिवाणूत त्याच घराण्यातली विषं असतात, खुंटीच नसेल तर ती पण वाया, आणि अळी बोंडात असल्यानं तिच्या तोंडी ते जाणारही नाही.

चोर बीटी, तणनाशकवालं, त्यात अळी कमी येते म्हणतात. अळीसाठीचे जीन त्यात असले तर तेच जुने आहेत. शिवाय पावती नाही, म्हणजे उद्या तक्रारीला जागा नाही.

डोस दुप्पट केला तर? वर सांगितलं, आतल्या अळीला पोचत नाही. उरलेल्या अळ्यांत औषधाचाही प्रतिकार वाढतो, तोच खेळ पुन्हा, फक्त खुंटी वेगळी.

नवीन जीन येईल तेव्हा सुटेल का? आला तर काही वर्षं बरी जातील. त्यालाही लांब मुदतीचं संकरित, फरदड आणि बांधावर फेकलेली रेफ्युजी मिळाली तर त्याचं आयुष्य किती ते बीजी-२ नं दाखवलंय.

पट्टीवर बहुतेक झाडं नॉन-बीटीच निघाली तर? मग तुमची केस वेगळी, ती बियाण्याची फसवणूक आहे. पक्कं बिल, बॅग, तिच्यावरचा टॅग आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि समिती पंचनाम्याला येईपर्यंत पीक उपटू नका. नुसते फोटो चालत नाहीत, त्यांना झाड उभं लागतं. उगवणीच्या तक्रारी असतात त्याप्रमाणं ही तक्रारही लवकर करा, जानेवारीत पराटी वाळल्यावर पट्टीलाही काही सापडत नाही.